स्वप्नात सारखी पडतेय, म्हणजे माझं काही चुकतंय का?

पत्र

ताई, नमस्कार. गेले दोन-तीन महिने मला सारखं पडायचं स्वप्न पडतंय. एक जिना असतो, खूप उंच, त्याला कठडाच नसतो, मी खाली बघत बघत उतरत असते आणि मधेच पुढची पायरी नसते. हातात बाबांच्या कपाटाच्या किल्ल्यांची जुडी असते, ती मी सोडत नाही. खाली आपटायच्या आत दचकून जाग येते आणि छाती धडधडत असते. कधी कधी तर नुसता डोळा लागतो न लागतो तोच धपकन पडल्यासारखं होतं. बाबा मागच्या वर्षी गेले. तेव्हापासून घरचं सगळं मीच बघते, आई, कागदपत्रं, धाकट्या भावाचं शिक्षण. आधी मी रोज सकाळी ध्यानाला बसायचे, नामस्मरण करायचे, ते बाबा गेल्यापासून पूर्ण सुटलंय. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की स्वप्नात पडणं म्हणजे आत्म्याचं अधःपतन, साधना सोडलीस त्याची ही सूचना आहे आणि बाबांचा आत्मापण अस्वस्थ आहे, उपाय करावा लागेल. यूट्यूबवर बघितलं तर एक जण म्हणतो आत्मा शरीरात परत येताना असं होतं, दुसरा म्हणतो स्वप्नात जमिनीवर आपटलात तर झोपेतच मरण येतं. आता मला झोपायचीच भीती वाटायला लागलीये. याचा खरा आध्यात्मिक अर्थ काय? माझं काही चुकतंय का?

— एक वाचक

उत्तर

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय तू पुढचं काही शांतपणे वाचणार नाहीस. तुझं काहीही चुकत नाहीये. देव कोणाला झोपेत गाठून जिन्यावरून ढकलत नाही, आणि वडील गेल्यावर जी मुलगी वर्षभर घर सांभाळतेय तिच्याकडून पंधरा मिनिटं ध्यान झालं नाही म्हणून तिचं अधःपतन झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी साधनेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, का म्हणतेय ते पुढे सांगते, जरा मोठं होईल पण वाच.

तू पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र लिहिल्या आहेस. एक ते जिन्याचं स्वप्न, आणि दुसरं ते डोळा लागतो न लागतो तोच धपकन पडणं. ही दोन्ही पडणी एक नाहीत.

दुसऱ्याचं आधी निपटवू, कारण ते सोपं आहे. आपण जागेपणातून झोपेत उतरत असतो ना, अगदी पहिली काही मिनिटं, तेव्हा स्नायू सैल पडायला लागतात, श्वास आणि हृदयाचे ठोके हळू होतात, आणि मधेच अंगातल्या स्नायूंना एकदम झटका बसतो. पाय उडतो किंवा सगळं अंग उडतं, आणि अर्धवट झोपलेला मेंदू त्या झटक्याला लगेच एक गोष्ट जोडून टाकतो, पायरी चुकली, खड्ड्यात पाय गेला, कड्यावरून पडलो. झोपेचे डॉक्टर याला हिप्निक जर्क म्हणतात आणि साधारण ६० ते ७० टक्के लोकांना तो कधी ना कधी आलेला असतो. तो नेमका का येतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पण कशाने वाढतो ते चांगलं माहीत आहे. अपुरी झोप, टेन्शन, संध्याकाळनंतर चहा-कॉफीतून पोटात गेलेलं कॅफीन, रात्री उशिरा केलेला दमवणारा व्यायाम. त्याने हृदयाला काही होत नाही. छाती धडधडते ती दचकल्यामुळे, आणि दोन-चार मिनिटांत आपोआप शांत होते. आणि बघ, तुला झोपायची भीती वाटते म्हणून तू उशिरापर्यंत जागी राहत असणार, झोप कमी झाली की हे झटके अजून वाढणार, झटके वाढले की भीती वाढणार. हे चक्र कुठेतरी तोडायला लागेल आणि ते झोपेच्या बाजूनेच तोडता येतं, आत्म्याच्या बाजूने नाही.

त्या झटक्यामागे कुठला संदेश शोधत बसू नकोस, त्यात काही नाहीये. जिन्याचं स्वप्न मात्र वेगळं आहे. तेच ठिकाण, तीच किल्ल्यांची जुडी, परत परत येतं, त्यात लक्ष घालण्यासारखं आहे. अशी गोष्टीसारखी सलग स्वप्नं बहुतेक वेळा झोपेच्या ज्या अवस्थेत पडतात तिला रेम झोप म्हणतात, तिचा शोध १९५३ साली लागला. झोप लागल्यावर साधारण दीड तासाने तिचा पहिला टप्पा येतो आणि पहाटेकडे हे टप्पे लांबत जातात, म्हणून अशी स्वप्नं पहाटे जास्त पडतात आणि जास्त लक्षात राहतात. तेव्हा सगळं अंग जवळजवळ लुळं असतं, हातपाय हलत नाहीत, पण मेंदू मात्र जोरात चाललेला असतो.

पडायचं स्वप्न फक्त तुलाच पडत नाही हेपण सांगून ठेवते. कॅनडातल्या हजाराहून जास्त कॉलेजच्या मुलामुलींना विचारून केलेला एक अभ्यास २००३ साली छापून आला, त्यात जवळपास तीन चतुर्थांश जणांनी सांगितलं की असं स्वप्न आम्हाला पडलंय. आता एवढ्या सगळ्यांनी साधना सोडली होती का? आणि त्याच्याही मागे जा. नुकतंच जन्मलेलं बाळ, त्याचं डोकं हातातून जरासं खाली गेलं की ते एकदम दोन्ही हात फाकवतं, मग आत ओढून घेतं आणि रडतं. जन्मापासून असतं ते आणि चार-सहा महिन्यांत जातं. त्या बाळाने कुठलं पाप केलंय, कुठलं नामस्मरण चुकवलंय? पडायची भीती आपल्याबरोबरच जन्माला येते गं. ती शिक्षा नाही, जीव जपण्याची सोय आहे.

यूट्यूबवाल्यांचं बघू. स्वप्नात जमिनीवर आपटलं की माणूस मरतो हे साफ खोटं आहे. पुष्कळ लोक स्वप्नात आपटतात, काहींना तिथेच जाग येते, काहींचं स्वप्न पुढे चालूच राहतं, उठून चालायला लागतात, आणि सकाळी तेच सांगतात की काय विचित्र स्वप्न होतं. हे डोक्यातून काढूनच टाक.

आत्मा बाहेर जाऊन परत येतो हे मात्र कोणी आज बसून बनवलेलं नाही, ही समजूत फार जुनी आहे. बृहदारण्यक उपनिषदातपण आलंय की झोपलेल्याला एकदम उठवू नये असं लोक म्हणतात, कारण तो ज्या जागी परतायचा तिथे परतला नाही तर त्यावर इलाज करणं अवघड. तेव्हा कोणाची त्यावर श्रद्धा असेल तर मी वाद घालणार नाही. पण पडण्याचं स्वप्न म्हणजे आत्मा खाली आदळला असं काही तिथे म्हटलेलं नाही, आणि पडण्याबद्दल त्याच प्रकरणात जे स्पष्ट सांगितलंय ते या व्हिडिओवाल्यांनी वाचलेलं दिसत नाही. मला तुला खरं तर तेच सांगायचंय.

त्या उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक राजा याज्ञवल्क्य ऋषींना विचारत असतो की माणूस कुठल्या उजेडात जगतो. सूर्य मावळला, चंद्रही मावळला, अग्नी विझला, वाणीही थांबली, मग काय उरतं? तिथून बोलणं झोपेवर आणि स्वप्नावर येतं. याज्ञवल्क्य सांगतात की स्वप्नात ना रथ असतात ना घोडे ना रस्ते, स्वप्न बघणाराच ते सगळं तयार करतो, तोच कर्ता. आणि पुढे म्हणतात की तिथे तो जे काही बघतो ते त्याला चिकटत नाही, तो असंग आहे. आणि मग येतं ते वाक्य. स्वप्नात माणसाला वाटतं कोणीतरी मारतंय, कोणी जिंकून घेतंय, हत्ती मागे लागलाय, खड्ड्यात पडतोय, 'गर्तमिव पतति' असे शब्दच आहेत तिथे. आणि याचं कारण काय देतात, तर जागेपणी जे भय बघितलं तेच तो इथे अज्ञानामुळे खरं मानतो.

इतकंच. पाप नाही, कोप नाही, अपशकुन नाही. जागेपणीचं भय. आपल्याकडे म्हणतातच ना, मनी वसे ते स्वप्नी दिसे. ज्यांना कोणाला आध्यात्मिक अर्थ हवाय त्यांनी आधी हे वाक्य वाचावं असं मला मनापासून वाटतं, कारण हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी नेमकं तुझंच स्वप्न घेतलंय आणि त्यावर घाबरवणारा एक शब्दही न बोलता उत्तर दिलंय.

त्याच्या जरा आधीचं वाक्य मला अजून आवडतं. ससाणा किंवा गरुड आकाशात फिरून फिरून थकतो, मग पंख मिटतो आणि घरट्याकडे येतो, तसा हा माणूस गाढ झोपेकडे धावतो, जिथे त्याला काही हवंसं वाटत नाही आणि स्वप्नही दिसत नाही. बघ, घरट्याकडे खाली येणारा पक्षी आणि लगेच पुढे खड्ड्यात पडणारा माणूस. दोघंही खालीच येतायत. एक दमलाय म्हणून विसाव्याला येतोय, दुसरा घाबरलाय म्हणून त्याला ते पडणं वाटतंय. तू दमली आहेस गं. तुझ्या पत्रात स्वतःबद्दल 'दमले' हा शब्द एकदाही नाही, आई, कागद, भाऊ, सगळं लिहिलंस, पण तुला विसावा कुठे मिळतो याबद्दल एक ओळ नाही. तुला खाली यायचंय, टेकायचंय, आणि टेकायची सवयच मोडल्यामुळे ते तुला पडल्यासारखं दिसत असेल, असं मला वाटतं. युंग नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं असं होतं की दिवसा माणूस एका बाजूला फार कलला की स्वप्न दुसऱ्या बाजूला ओढून तोल सावरतं. दिवसभर सगळ्यांसमोर खंबीर उभं राहायचं, मग रात्री कुठेतरी पाय सुटणारच.

आता किल्ल्या. पत्र वाचताना मी तिथेच अडकले. तू लिहिलंयस, "ती मी सोडत नाही." कठडा नाही, पायरी नाही, आणि एक हात बाबांच्या किल्ल्यांनी भरलेला. तो अर्थ मी तुला सांगायची गरज आहे का? तरी एक गोष्ट सांगते कारण ती तुझ्या उपयोगाची आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९०० सालच्या स्वप्नांवरच्या पुस्तकात पडण्याच्या स्वप्नांबद्दल लिहिलंय की लहान मुलांना घरातली मोठी माणसं उचलून गरगर फिरवतात, वर उडवतात, खाली सोडल्यासारखं करून झेलतात, आणि पोरं खिदळत परत परत मागतात. मोठेपणी स्वप्नात तेच परत येतं, फक्त आता झेलणारे हात वगळलेले असतात, त्यामुळे आपण अधांतरी तरंगतो नाहीतर पडतो. त्याची बाकी बरीच मतं मला पटत नाहीत, बायकांच्या पडण्याच्या स्वप्नात त्याने मोहाला बळी पडण्याचा जो अर्थ लावलाय तो तर अजिबातच नाही, तुझ्या ओळखीतले जे अधःपतन म्हणतायत त्याचीच ती दुसरी आवृत्ती. पण हातांचं त्याने बरोबर पकडलंय. तुझे झेलणारे हात मागच्या वर्षी गेले. ज्या माणसाच्या कपाटाच्या किल्ल्या तू धरून आहेस तोच माणूस तुला लहानपणी झेलत असणार. मग आता पायाखालची पायरी नसल्यासारखं वाटतंय यात नवल ते काय? तू हे स्वप्न बघतेयस म्हणजे तू बाबांची आठवण करतेयस, त्यांच्यासाठी नीटसं रडायलाही तुला वेळ मिळालेला नाहीये. बाबांचा आत्मा अस्वस्थ आहे की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण त्यांची मुलगी अस्वस्थ आहे हे पत्रातून सरळ दिसतंय, आणि आधी तिच्याकडे बघायला हवं.

हा अर्थ मी तुझ्यावर लादत नाहीये. स्वप्न तुझं आहे, तुला वाचून आतून "हो" आलं तर घे, नाही आलं तर सोड. पण कुठलाही अर्थ घेशील तो असा घे की ज्याने तुला तुझं जगणं थोडं जास्त स्पष्ट दिसेल, नुसती भीती वाढवणारा घेऊ नकोस.

आपल्या जुन्या लोकांनीसुद्धा प्रत्येक स्वप्नाचा शकुन-अपशकुन काढला नव्हता हेपण लक्षात ठेव. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, इंद्रियस्थान नावाच्या भागात, स्वप्नांचे सात प्रकार दिलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनात इच्छा धरलेलं, कल्पना केलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. आणि सातांपैकी पहिल्या पाच प्रकारांना फळ नाही असं स्वच्छ म्हटलंय. तुझ्या स्वप्नातला जिना, किल्ल्या, भीती, सगळं जगलेलं आहे, अनुभवलेलं आहे. आणि तिथेच असंही आहे की वाईट स्वप्नानंतर तिथल्या तिथे परत झोप लागून चांगलं स्वप्न पडलं तर फळ चांगल्याचंच धरायचं. म्हणजे स्वप्नाने शिक्का मारला आणि संपलं असं तेव्हाही कोणी मानत नव्हतं.

हे शेवटचं धरूनच तुला एक करून बघायला सांगते, आणि यात मला जुनं आणि नवं एकमेकांच्या फार जवळ आलेलं दिसतं. वारंवार येणाऱ्या भीतीदायक स्वप्नांसाठी मानसोपचारात इमेजरी रिहर्सल नावाची पद्धत वापरतात. दिवसा, पूर्ण जागं असताना, ते स्वप्न कागदावर लिहायचं आणि त्याचा पुढचा भाग आपल्या मर्जीने बदलायचा. मग रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त तो बदललेला भाग मनात चालवायचा, घाबरवणारा मूळ भाग उगाळायचा नाही. काय बदलायचं ते तूच ठरव. जिन्याला कठडा येऊ दे, पायरी नसलेल्या ठिकाणी सपाट जागा येऊ दे, भावाने अर्ध्या किल्ल्या घेतलेल्या असू देत, काहीही. स्वप्न बघणाराच ते तयार करतो असं याज्ञवल्क्य म्हणाले ना, मग तयार करणारीने कठडा लावला तर कोण अडवणार? एका रात्रीत होत नाही, काही आठवडे दे. रात्री झोपायच्या आधी मात्र करू नकोस, दुपारी किंवा संध्याकाळी कर.

रात्री दचकून उठलीस की काय करायचं तेपण सांगते. फोन हातात घेऊ नकोस, "स्वप्नात पडणे अर्थ" असं रात्री तीन वाजता शोधायचं तर नाहीच नाही, तिथे घाबरवणारंच आधी सापडतं. तशीच पडून राहा. पाठ गादीला टेकलीये ते जाणव, टाचा टेकल्यात, डोकं टेकलंय. तू कुठेही पडलेली नाहीस, तू आधीपासूनच खाली आहेस, पूर्ण टेकलेली. श्वास सोडताना जरा लांबव. आणि मग, मन थोडं स्थिर झालं की, एकच प्रश्न स्वतःला विचार, मी पडतेय हे कोणाला कळत होतं? जिन्यावरची तू पडत होतीस, घाबरत होतीस, आणि ते सगळं बघणारं काहीतरी होतं, ते पडलं का? उत्तर शब्दात द्यायचं नाही, नुसतं त्या प्रश्नाबरोबर राहायचं आणि झोप आली तर झोपायचं. जो बघतो त्याला ते चिकटत नाही असं जे याज्ञवल्क्यांनी सांगितलंय, ते पुस्तकात वाचून कळतं त्यापेक्षा अशा एखाद्या पहाटे, ठोके अजून शांत व्हायचे असताना जास्त कळतं. मी याला आध्यात्मिक अर्थ म्हणते. स्वप्नाने उद्याचं काही सांगायची गरज नाही, बघणारा कोण आहे एवढं दाखवलं तरी खूप झालं.

आणि म्हणून तुझी साधना सुटली असं मला वाटतच नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत मन स्थिर करायचे जे वेगवेगळे मार्ग दिलेत त्यात एक सूत्र असंही आहे की स्वप्नातून किंवा झोपेतून मिळालेल्या ज्ञानाचा आधार घेऊनही मन स्थिर होतं. म्हणजे आसनावर बसलं तरच साधना असं तेही म्हणत नाहीत. परत बसावंसं वाटलं तर जरूर बस, पण भीतीने बसू नकोस. "नाही बसले तर पडेन" म्हणून केलेलं नामस्मरण आणि प्रेमाने घेतलेलं नाव यातला फरक तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तू आधी करत होतीस ते. सुरुवात दोन मिनिटांची केलीस तरी चालेल. त्या दोन मिनिटांत रडू आलं तर येऊ दे, त्याने ध्यान बिघडत नाही.

त्या ओळखीतल्या गृहस्थांबद्दल जरा कडक बोलते. आधी घाबरवायचं आणि मग उपाय सांगायचा ही ज्याची पद्धत असेल, त्याच्या तोंडी देवाचं नाव कितीही असो, तिथून उठून यायचं. दुःखात असलेल्या माणसाला त्याच्या गेलेल्या माणसाच्या नावाने भीती घालणं हे मला फार वाईट वाटतं. त्यांना नम्रपणे सांग की मी बघते माझं, आणि विषय बंद कर. भांडू नकोस, पण आईच्या कानावर मात्र घाल की असं असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस, कारण उद्या ते तिच्यापर्यंत जातील आणि ती तुझ्यापेक्षा लवकर घाबरेल.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही लिहिते, कारण सगळंच मनाचं किंवा अध्यात्माचं नसतं. कूस बदलताना किंवा उठताना खोली गरगर फिरत असेल तर तो कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. श्वास कोंडून, गुदमरल्यासारखी जाग येत असेल, घोरणं असेल, दिवसा पेंग येत असेल तर झोपेची तपासणी करून घे. नुकतं एखादं नवीन औषध चालू झालं असेल, रक्तदाबाची काही औषधं आणि नैराश्यावरची काही औषधं यांनी स्वप्नं फार ठळक पडू शकतात, तर डॉक्टरांना सांग, पण आपल्या मनाने गोळी बंद करू नकोस. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, दिवसासुद्धा सारखं भरून येत असेल, कशातच मन लागत नसेल, जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी येऊन गेला असेल, तर वाट न बघता समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि घरात एका माणसाला त्याच दिवशी सांग. वडील गेल्यावर वर्ष झालं म्हणजे दुःख आटपायला हवं असा काही नियम नाहीये.

या आठवड्यात एवढंच कर. झोपायची वेळ एक ठरव आणि भीती वाटली तरी त्याच वेळी आडवी हो. संध्याकाळनंतर कॅफीन बंद, झोपायच्या आधी तासभर फोन बाजूला. एका दुपारी ते स्वप्न कागदावर उतरव आणि तुझ्या मर्जीने पुढचं लिही. आणि भावाला समोर बसवून बाबांच्या कागदपत्रांतली निदान एक फाईल त्याच्याकडे दे, बँकेची असो नाहीतर विम्याची, शिकत असला तरी एवढं त्याला जमेल. त्याला "मला मदत हवीये" असं तोंडाने सांगायचं, त्याने आपणहून ओळखावं याची वाट बघायची नाही. महिन्याभराने मला परत लिही, स्वप्न थांबलं नसेल तरी लिही.

तुझी,
ताई